ढोल ऐकू येतो, ताशा का नाही?

प्रश्न : आमचं घर लक्ष्मी रस्त्यापासून दोन गल्ल्या आत आहे. विसर्जन मिरवणुकीत ढोलाचा ठोका घरात घुमतो, पण ताशाची तर्री जवळजवळ ऐकूच येत नाही. असं का? – एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : फरक तरंगलांबीचा, म्हणजे लागोपाठच्या दोन लाटांमधल्या अंतराचा. ध्वनीचा वेग भागिले वारंवारता (सेकंदाला किती कंपनं, ते हर्ट्झमध्ये) म्हणजे तरंगलांबी. 25 अंश सेल्सिअसला हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे 346 मीटर जातो. ढोलाचा घुमारा 80 हर्ट्झचा धरला तर लाट सव्वाचार मीटरची, म्हणजे जवळपास तुमच्या बोळाच्या रुंदीएवढी. अशी लाट वाड्याच्या कोपऱ्यावरून सहज वळते. यालाच विवर्तन म्हणतात. ताशाच्या कडकडाटातला 3000 हर्ट्झचा भाग जेमतेम साडेअकरा सेंटिमीटरचा. तो बराचसा सरळ जातो, कोपऱ्यामागे सावली पडते. भिंती आणि खिडक्याही उंच स्वर जास्त अडवतात. (म्हणूनच जाड पडदा लावून ढोल थांबत नाही!)

घरी पाहायचं तर मोठ्या परातीत एक सेंटिमीटर पाणी घ्या. दोन फरशीचे तुकडे उभे करून मध्ये फट ठेवा आणि एका बाजूला पट्टीची कड हलकेच, ठरावीक लयीत बुडवा. फट लाटेच्या लांबीपेक्षा लहान असेल तर पलीकडे अर्धवर्तुळं पसरतात. फट रुंद केली की लाट बरीचशी सरळच जाते. परातीच्या काठावरून परतणाऱ्या लाटा चित्र बिघडवतात. काठाला आतून ओलं फडकं तिरपं अंथरा. पट्टी घाईने आपटली तर नुसता गोंधळ दिसेल.