हेडसेटमधली मळमळ आणि मुलींचा ‘नाजूकपणा’

प्रश्न : मॅडम, मी नांदेडला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात व्हीआर हेडसेट, म्हणजे आभासी जग दाखवणारा डोळ्यांवरचा मोठा चष्मा, लावून वॉर्डातली कामं शिकवतात. थोड्याच वेळात मला मळमळतं, घाम फुटतो, रात्रीपर्यंत डोकं जड राहतं. बऱ्याच मुलींचं असं होतं, मुलांचं कमी. सर म्हणतात, मुली नाजूक, सवय करा. खरं आहे का?
— एक वाचक

उत्तर : नाजूकपणाचा काही संबंध नाही. मळमळ सोसत बसू नकोस, हे आधी सांगते.

लातूरला माझ्या कानाच्या ओपीडीत मांजरसुंब्याच्या घाटात बस लागलेले पेशंट येतात. बसमध्ये वळणं आतल्या कानाला कळतात, पण समोरची सीट डोळ्यांना स्थिर दिसते. हेडसेटमध्ये उलटं होतं. डोळ्यांना आपण चालतोय असं दिसतं आणि कान सांगतो, जागेवरच बसलोय. ही तफावत मेंदूला सोसत नाही, असं मानलं जातं.

मुलींना त्रास जास्त होतो, हे तुझं निरीक्षण मात्र खरं आहे. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली दोन व्हीआर गेम खेळायला देऊन पाहिले. एकात स्त्री-पुरुषांत ठळक फरक आढळला नाही. खोल्यांतून फिरायच्या दुसऱ्या गेममध्ये ७८ टक्के स्त्रियांना त्रास झाला, पुरुषांपैकी ३३ टक्क्यांना. म्हणजे समोर काय दाखवलंय, यावरही बरंच अवलंबून असतं.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते के स्टॅनी या संशोधक बाईंचं आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं २०२० मधलं काम. डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर पुरुषांत सरासरी ६४ मिलिमीटर, स्त्रियांत ६२ च्या आसपास. हेडसेटची भिंगं बाहुल्यांच्या समोर यायला हवीत, पण काही हेडसेटची दोन भिंगं एकमेकांच्या पुरेशी जवळ येतच नाहीत. ज्या स्त्रियांच्या डोळ्यांना भिंगं नीट जुळली, त्यांना पुरुषांइतकाच त्रास झाला. ज्यांना जुळली नाहीत, त्यांना जास्त. यंत्र बसत नसताना दोष मुलीच्या अंगावर टाकायचा, याचा मला मनापासून राग येतो. सगळा फरक एवढ्यानेच पडतो असं नाही. हार्मोन्स, शरीराचा तोल यांवरही संशोधन चालू आहे. पण भिंगं जुळवणं आपल्या हातात आहे.

तेव्हा चष्म्याच्या दुकानात जाऊन हे अंतर मोजून घे. दोन मिनिटांचं काम आहे. आकडा वहीत लिही आणि हेडसेट लावण्याआधी भिंगं त्यावर आण. तेवढी जवळ येत नसतील, तर सरांना तो आकडाच दाखव. सगळ्या मुलींनी मिळून दाखवलात तर आणखी बरं. सराव बसून कर, उपाशीपोटी नको. घाम फुटायला लागला की हेडसेट लगेच काढ. डोकं हलकं होईपर्यंत स्कुटी चालवू नकोस. गाडी लागण्याची गोळी घेऊन वर्गात बसू नकोस, झोप येते.

हेडसेट नसतानाही गरगरत असेल किंवा कानात आवाज येत असेल, तर कान तपासून घे.