सांगलीत ग्राहक वर्तनावर एम.कॉम.चा प्रकल्प करायचाय, नुसती प्रश्नावली चालेल का?

नाही, पुरणार नाही. लोक सांगतात एक आणि घेतात दुसरंच. मानसशास्त्रज्ञ आयंगार-लेपर यांचा 2000 सालचा जॅमचा प्रयोग वाचाच: 24 प्रकार मांडले तेव्हा गर्दी जास्त, पण थांबलेल्यांपैकी खरेदी केली 3 टक्क्यांनी, 6 ठेवले तेव्हा 30 टक्क्यांनी. (अशा अनेक अभ्यासांच्या 2010 च्या एकत्रित विश्लेषणात मात्र हा परिणाम सरासरी शून्याजवळ आला, म्हणून आपल्याकडे तपासायला वाव आहे.)

तुम्ही हळद घ्या. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. गणपती पेठेत दुकानदाराला विचारून उभे राहा. सुटी हळद चिमटीत चोळून वास कोण घेतं, पाकिटावरची तारीख कोण बघतं, मानांकनाचं कुणी विचारतं का, ते टिपा. प्रश्न खरेदीनंतरच विचारा, आधी विचारलंत की लोक सावध होतात.