बालगृहात सगळं मोफत असूनही तिथली मुलं नववी-दहावीत शाळा का सोडतात?

तुमच्या प्रश्नातल्या 'सगळं मोफत'पासूनच सुरुवात करते. जेवण, कपडे, वह्या, फी हे खरंच मिळतं. मुंबईतल्या एका बालगृहात मी 9 वर्षं संध्याकाळचा अभ्यास घेतेय (संस्थेचं नाव मुद्दाम देत नाही), आणि पुस्तकाअभावी शाळा सुटलेलं एकही मूल मी पाहिलेलं नाही. मी पाहिलेल्या मुलांची शाळा सुटली ती वयाच्या हिशोबापायी, कारण बालगृहात अठरा पुरी होईपर्यंतच राहता येतं.

एका मुलाचं सांगते. कुर्ला टर्मिनसवर सापडला तेव्हा कागदोपत्री 12 वर्षांचा. खरी जन्मतारीख कुणालाच माहीत नव्हती, म्हणून 1 जून लावलेली. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे वयानुसार वर्ग मिळतो, तसा तो थेट सातवीत बसला. वजाबाकीत हातचा घेता येत नव्हता. अशा मुलांसाठी विशेष प्रशिक्षणाची तरतूद त्याच कायद्यात आहे, पण त्याच्या वाट्याला आले जेमतेम तीन महिने. सातवी झाली आणि गावाकडची आजी सापडली. बालकल्याण समितीने (अशा मुलांनी कुठे राहायचं हे तीच ठरवते) तिच्याकडे सोडला. तिथे शाळेत कुणी घातलंच नाही. दीड वर्षाने आजी गेली, हा परत आला. आधीच्या शाळेतून दाखला हाती येईपर्यंत पुढचा जून उजाडला. आठवी 15व्या वर्षी, नववी 16व्या, त्यात गणितात नापास, म्हणून 17व्या वर्षी पुन्हा नववी.

त्या दिवाळीत मी त्याची वही तपासत होते. मागच्या पानावर पेन्सिलीने ओळीने महिने लिहिलेले, नोव्हेंबर ते मे. ऑक्टोबरवर काट. मी विचारलं, हे काय रे? म्हणाला, "ताई, 1 जूनला अठरा पुरी होतात. दहावीची शाळा जूनच्या मध्यावर. मग मी झोपायचं कुठे?"

मला उत्तर देता आलं नाही. आठवडाभरात त्याने शाळा बंद केली आणि मोबाइल रिपेअरिंगच्या कोर्सला नाव घातलं. शाळेने शेरा मारला, 'अभ्यासात रस नाही'. तो शेरा मला अजून डाचतो. आईबाप असलेला मुलगा 18व्या वर्षी दहावीला बसला तर रात्री घरीच येतो. याला मात्र परीक्षेआधी छप्पर शोधायचं होतं.

बाल न्याय कायद्यात अठरानंतरच्या मदतीची सोय आहे. नियमांप्रमाणे ती 21 वर्षांपर्यंत, अपवाद म्हणून 23पर्यंतही मिळू शकते. अनुरक्षण गृहात, म्हणजे अठरानंतरच्या मुलांसाठीच्या गृहात, राहता येतं, मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या बालसंरक्षण योजनेत महिना 4000 रुपयांची तरतूद आहे. मुंबईत तेवढ्यात गोवंडीलासुद्धा धड खोली मिळत नाही, पण मुलाला हे नववीच्या सुरुवातीलाच कळलं तर तो निदान महिने मोजत बसणार नाही. त्याला एप्रिलपर्यंत कुणी काही सांगितलं नव्हतं. मीही नाही, कारण तेव्हा मलाच ठाऊक नव्हतं.

मुलींचं थोडं वेगळं. चौदा-पंधराव्या वर्षी अचानक मावशी-आत्या उगवतात, 'आम्ही सांभाळतो' म्हणतात, आणि पोरगी धाकट्या भावंडांमागे किंवा बोहल्यावर. मूल शक्यतो कुटुंबात वाढावं, संस्था हा शेवटचा पर्याय, हे कायद्याचं म्हणणं मला मनापासून पटतं. पण फेब्रुवारीत, परीक्षा तोंडावर असताना घरी सोडू नका, आणि सोडलंच तर दाखला हातात देऊन सोडा, एवढं तरी पाळलं जावं.

आणखी एक. प्रगतिपुस्तकावर 'पालकांची सही' असते ना, तिथे बालगृहाचे अधीक्षक 40 मुलांच्या सह्या एका बैठकीत करतात. त्यांना दोष देत नाही, माणूस एकटा आहे. पण कुणाचे गुण घसरले हे त्या घाईत कोण पाहणार? वर्गात कुणाची पेन्सिल हरवली की आधी 'होमच्या पोरांची' दप्तरं उघडतात. हे सोसून शाळेत टिकायचं तर मागे एक तरी हक्काचं माणूस लागतं, आणि इथे काळजीवाहक बदलतात, ताया लग्न होऊन जातात, मुलाचीच दुसऱ्या संस्थेत बदली होते.

तो मुलगा आता कुर्ल्यात एका दुकानात काम करतो, रात्री तिथेच पोटमाळ्यावर झोपतो. गेल्या ऑगस्टमध्ये त्याचा फोन आला, "ताई, 17 नंबरचा फॉर्म कुठे भरतात?" (शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसण्याचा तो अर्ज.) दोघं मिळून जुन्या शाळेत दाखला आणायला गेलो. यंदा दहावीला बसतोय. बीजगणित अजून कच्चं आहे. रविवारी दुकान अर्धा दिवस बंद असतं, तेव्हा माझ्याकडे येतो.