इंडियानापोलिस आणि कोलंबसमध्ये पुण्याहून येणाऱ्या आई-वडिलांना दाखवण्यासारखे काय आहे?

आपण विचारले आहे की, नुकतेच इंडियानापोलिसला राहायला आला आहात, उन्हाळ्यात आई-वडील पुण्याहून येणार आहेत, तर त्यांना या शहरात आणि जवळच्या कोलंबस गावात काही दाखवावे की सरळ शिकागोला न्यावे. शिवाय आपण असेही लिहिले आहे की, ‘इथे मक्याच्या शेतांपलीकडे काहीच नाही असे सगळे सांगतात.’ हे ‘सगळे’ मला चांगले परिचयाचे आहेत, कारण त्यांच्यापैकी एक आमच्या घरातच आहेत. माझे मोठे दीर न्यू जर्सीत राहतात आणि इंडियाना हे राज्य विमानातून ओलांडण्यासाठी आहे, असे त्यांचे ठाम मत आहे.

माझे उत्तर आधीच सांगून टाकते: कोलंबसला पूर्ण दिवस द्या, इंडियानापोलिसला उरलेला वेळ द्या आणि शिकागोचा विचार नंतर करा. आम्ही कोलंबसलाच राहतो. माझे यजमान इंजिनांच्या कामात आहेत, आणि पुण्याच्या वाचकांना यापुढे फार काही सांगायला नको. १९६२ साली इथल्या कमिन्स या इंजिन कंपनीच्या भागीदारीतून पुण्यात किर्लोस्कर कमिन्स स्थापन झाली तेव्हापासून कोथरूड आणि हे गाव यांच्यात माणसांची ये-जा चालू आहे, आणि इथल्या किराणा दुकानात शेजारच्या रांगेतून मराठी कानावर पडली तर कोणी वळूनही पाहत नाही.

सासू-सासरे पहिल्यांदा अमेरिकेत आले तेव्हा भाऊजींनी त्यांना नायगारा, न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टन दाखवले. ही सहल त्यांनी मनापासून आखली होती, हे मी नाकारत नाही. पण ती सगळी पर्यटक बसमधून झाली आणि प्रत्येक ठिकाणी उतरून फोटो काढण्यापुरताच वेळ मिळाला. त्यानंतर आई-बाबा, म्हणजे हे सासू-सासरे, आमच्याकडे येणार होते, तेव्हा भाऊजींनी फोनवर मला सांगितले, ‘तिकडे त्यांना नुसता आराम करू दे, बघायला तसेही काही नाही.’ हे वाक्य मला लागले आणि अजूनही लागते.

आमचे सासरे पीडब्ल्यूडीतून निवृत्त झालेले आहेत. शाळेच्या खोल्या, विश्रामगृहे, लहान पूल यांवर त्यांची उभी हयात गेली. इमारत सुंदर आहे की नाही, याकडे त्यांचे लक्ष नंतर जाते. आधी ते ओल कुठे धरली आहे आणि भिंत ओळंब्यात आहे की नाही हे पाहतात. अशा माणसाला मी या गावाच्या मुख्य चौकात उभे केले. समोर वास्तुविशारद ईलियल सारिनेन यांचे १९४२ सालचे फर्स्ट ख्रिश्चन चर्च, रस्त्याच्या अलीकडे वास्तुविशारद आय. एम. पेई यांचे १९६९ सालचे लाल विटांचे ग्रंथालय, आणि दोहोंच्या मध्ये, ग्रंथालयाच्या फरसबंद अंगणात, माणसांना खालून चालत जाता येईल एवढी मोठी शिल्पकार हेन्री मूर यांची ब्राँझची कमान. ही वस्ती ५० हजारांच्या आसपासची आहे. आपल्याकडे एवढ्या तालुक्याच्या गावात एसटी स्टँड आणि नगरपालिकेची इमारत यांपलीकडे दाखवायला काय असते, याचा विचार करून पाहा.

बाबांनी विचारलेला पहिला प्रश्न होता, ‘हे सगळे इथे कोणी आणि कोणत्या पैशांत बांधले?’ फिरणाऱ्याने विचारावा असा माझ्या मते हा एकच प्रश्न आहे, म्हणून त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देते. क्लेसी कमिन्स या यंत्रकुशल माणसाने १९१९ साली इथे डिझेल इंजिनांचा कारखाना काढला आणि ज्यांची मोटार तो चालवीत असे, त्या बँकमालक अर्विन यांनी त्याला भांडवल दिले. त्या घराण्यातले जे. अर्विन मिलर पुढे कंपनीचे प्रमुख झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर गावात मुलांची संख्या वाढली, शाळा घाईघाईने उभ्या राहू लागल्या आणि त्यांचा सुमार दर्जा मिलर यांना खटकला. तेव्हा कंपनीच्या फाउंडेशनने प्रस्ताव मांडला की, शाळा मंडळाने आम्ही दिलेल्या यादीतून वास्तुविशारद निवडावा, त्याची फी आम्ही भरू. बांधकामाचा खर्च मात्र सार्वजनिक पैशांतूनच होईल. त्यातून हॅरी वीझ यांची स्मिट प्राथमिक शाळा १९५७ साली उभी राहिली, आणि हळूहळू तीच पद्धत इतर सार्वजनिक इमारतींना लागू झाली. गावातले एक अग्निशमन केंद्र रॉबर्ट व्हेंचुरी यांनी रचलेले आहे. मिलर यांचा यात स्वार्थही होता, कारण चांगले अभियंते आडगावात टिकवायचे तर त्यांच्या मुलांना चांगली शाळा लागते. मला तो स्वार्थ अजिबात गैर वाटत नाही.

बाबांनी ही हकीकत मला दोनदा सांगायला लावली. वास्तुविशारदाची फी एकूण खर्चाचा लहानसा भाग असते, पण पुढची पन्नास वर्षे त्या इमारतीत काय सोसावे लागेल हे तिथेच ठरते, असे ते म्हणाले. आणि सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारण्याच्या सक्तीमुळे आपल्या हातून कशा शाळा बांधल्या गेल्या, याविषयी ते त्या दुपारी जेवढे बोलले, तेवढे मी घरात आल्यापासून कधीही ऐकले नव्हते.

पर्यटक केंद्रातून निघणाऱ्या मार्गदर्शित फेरीत आमच्याबरोबर एक वयस्क स्थानिक बाई होत्या. बाबांनी चर्चच्या त्या उंच, इमारतीपासून थोडा बाजूला उभ्या केलेल्या मनोऱ्याकडे पाहत त्यांना मराठी वळणाच्या इंग्रजीत विचारले, ‘पाणी कुठून मुरते?’ मला अवघडल्यासारखे झाले, पण बाईंचा चेहरा खुलला. मनोऱ्याचे वीटकाम हवामानाने झिजले होते आणि त्याच्या दुरुस्तीसाठी निधी उभा करणे चालू होते, तो सगळा इतिहास त्यांनी सांगितला. त्यानंतरची फेरी त्या दोघांची होती. बाकीचे आम्ही मागून चालत होतो. ईलियल यांचे पुत्र ईरो सारिनेन यांनी १९५४ साली बांधलेल्या बँकेपाशी तर बाबा हसूच लागले, कारण चारही बाजूंना काच, छपरावर उथळ घुमट आणि जाळीच्या पिंजऱ्यात बसलेला एकही रोखपाल नाही, अशी बँक त्यांच्या कल्पनेत बसत नव्हती. आज तिथे बँक नाही, पुढे ते कमिन्स कंपनीचे सभागृह झाले, पण इमारत तशीच जपलेली आहे.

मिलर यांचे १९५७ सालचे राहते घरही आम्ही पाहिले. रचना ईरो सारिनेन यांची, अंतर्सजावट अलेक्झांडर जिरार्ड यांची आणि बाग डॅन काइली यांची. वास्तुकलेचे विद्यार्थी ते पाहायला दुरून येतात. बाबांना मात्र दिवाणखान्याच्या मध्यभागी बसण्यासाठी जमिनीत केलेला चौकोनी खड्डा मुळीच पटला नाही. ‘म्हातारपणी यात उतरायचे कसे?’ एवढाच त्यांचा अभिप्राय होता. आईंना मात्र तोच खड्डा आवडला, विशेषतः त्यातल्या उशांचे अभ्रे ऋतूप्रमाणे बदलत असत, हे ऐकल्यावर. त्यांनी गृहिणीच्या नजरेने विचारले की, उरलेले अभ्रे ठेवत कुठे.

आईंविषयी आणखी एक सांगितले पाहिजे. जुन्या कोर्टाच्या इमारतीजवळ युद्धात कामी आलेल्या सैनिकांचे स्मारक आहे: चुनखडीच्या दगडाचे, ४० फूट उंचीचे २५ खांब दाटीने उभे आहेत आणि आतल्या बाजूंवर त्या सैनिकांनी घरी लिहिलेली पत्रे कोरलेली आहेत. आईंचे माहेर सातारा जिल्ह्यात, जिथे घरटी एक माणूस फौजेत, आणि त्यांचे सख्खे काका लढाईवरून परतले नव्हते. त्यांनी मला एकेक पत्र मराठीत सांगायला लावले. भरतीच्या पहिल्या दिवसांतल्या तक्रारी, जेवणाविषयीची कुरकुर, धाकट्या भावाला दिलेला उपदेश, असा त्यातला मजकूर आहे. त्या अधूनमधून ‘असेच लिहायचे’ एवढेच म्हणत होत्या. वॉशिंग्टनमध्ये याहून कितीतरी भव्य स्मारके त्यांनी पाहिली होती. तिथे त्यांना बस सुटण्याची घाई होती.

दुपारी वॉशिंग्टन रस्त्यावरच्या झाहाराकोस या १९०० सालापासूनच्या आइस्क्रीम पार्लरमध्ये बसा. ग्रीक भावांनी काढलेले हे दुकान आहे, आणि तिथले आपोआप वाजणारे जुने वाद्ययंत्र सुरू झाले की लहान-मोठे सगळेच गप्प होतात. ऑक्टोबरमध्ये येणार असाल तर पश्चिमेकडच्या ब्राउन काउंटीच्या टेकड्यांवरची रंगलेली पाने पाहायला जा. उन्हाळ्यात ती नुसती हिरवी झाडी आहे, तिच्यासाठी मुद्दाम जायचे कारण नाही.

आता इंडियानापोलिस. ते कोलंबसपासून तासाभराच्या अंतरावर आहे. शहराच्या मध्यावरचे सैनिक व नाविकांचे १९०२ सालचे स्मारक चढायला ३३१ पायऱ्या आहेत. आई-वडिलांचे गुडघे कसे आहेत ते पाहून लिफ्टची चौकशी करा. कालव्याकाठचा पायरस्ता संध्याकाळी चांगला. नातवंडे बरोबर असतील तर बालसंग्रहालयाला पर्याय नाही, कारण जगात याहून मोठे बालसंग्रहालय नाही. नातवंडे नसतील तर ते खुशाल वगळा. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाच्या उद्यानात मात्र जरूर न्या. ४ एप्रिल १९६८ च्या रात्री किंग यांची हत्या झाल्याची बातमी रॉबर्ट केनेडी यांनी तिथल्या जमावाला सांगितली होती, आणि आज तिथे एकमेकांकडे हात पसरणाऱ्या त्या दोघांचे शिल्प आहे. आपल्या आई-वडिलांच्या पिढीला ती नावे सांगावी लागत नाहीत.

मोटारशर्यतीची धावपट्टी शर्यतीत रस नसला तरी पाहावी. ती १९०९ सालची आहे, एक फेरी अडीच मैलांची, आणि सुरुवातीला तिच्यावर सुमारे ३२ लाख विटा बसवल्या होत्या. त्यांतला एक यार्ड रुंदीचा पट्टा अंतिम रेषेवर उघडा ठेवला आहे. इथल्या पाचशे मैलांच्या वार्षिक शर्यतीत जिंकणारा चालक दूध पितो. कोलंबसशी तिचे जुने नाते आहे: १९३१ साली कमिन्सची डिझेल मोटार इंधनासाठी एकदाही न थांबता पाचशे मैल धावली आणि १९५२ साली त्यांच्याच मोटारीने शर्यत सुरू होतानाची सर्वांत पुढची जागा पटकावली, जरी शर्यत ती पूर्ण करू शकली नाही. पुण्याच्या कारखान्यात ज्यांनी नोकरी केली आहे, अशा कोणाही माणसाला ही गोष्ट सांगून पाहा.

खाण्याविषयी थोडक्यात. इथला अभिमानाचा पदार्थ म्हणजे पावाबाहेर चहूकडे लोंबणारा तळलेला डुकराच्या मांसाचा तुकडा. शाकाहारी मंडळींनी तो दुरूनच पाहावा. शुगर क्रीम पायमध्ये सहसा अंडे नसते, परंतु त्याच्या पारीत चरबी घातली आहे का, ते विचारून घ्या.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. मोटारीशिवाय यांतले फारसे काही जमणार नाही. मिलर यांच्या घराची फेरी मर्यादित माणसांची असते, तिची तिकिटे आधी काढा. चर्च ही प्रार्थनेची जागा आहे, तेव्हा रविवारी सकाळी फेरीची अपेक्षा धरू नका. गावाबाहेरचे ईरो सारिनेन यांचे षट्कोनी, उंच सुळक्याचे नॉर्थ ख्रिश्चन चर्च आता पूर्वीसारखे चालत नाही, तेव्हा आत जाता येईल का, हे पर्यटक केंद्रात विचारा. जुलैची दुपार इथे घामट असते. आणि आपल्या आई-वडिलांना इमारतींत काडीचाही रस नसेल, तर माझे अर्धे उत्तर त्यांच्या उपयोगाचे नाही, हेही खरे.

भाऊजी मात्र अजूनही म्हणतात की, मी बाबांना ‘शाळा आणि बँका’ दाखवून दमवले. बाबा दमले होते, यात शंका नाही. परंतु पुण्याला परतल्यावर त्यांनी सोसायटीतल्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर नायगाऱ्याचे फोटो एकदा दाखवले आणि फी कोणी भरायची व इमारत कोणी बांधायची, या विषयावर ते अजून वाद घालतात. मागच्या वर्षी तर वॉर्डातल्या शाळेच्या नव्या खोल्यांचा नकाशा कोणी केला, हे विचारायला महापालिकेच्या कार्यालयात जाऊन आले. आपल्याला न्यू जर्सीहून कोणी सल्ला देत असेल, तर त्यांना कोलंबसला किती वेळा आलात, एवढे विचारा. भाऊजी अजून एकदाही आलेले नाहीत.