तपकिरी मेद ‘वितळवतो’ की ‘जाळतो’?

‘तपकिरी चरबी म्हणावे की तपकिरी मेद? आणि ती अंगावरची चरबी वितळवून वजन व कर्करोग दोन्ही रोखते, हे वाक्य योग्य आहे का?’ असे एका वाचकाने विचारले आहे. वाक्य योग्य नाही, आणि त्यातले सर्वांत वैतागवाणे क्रियापद ‘वितळवणे’ हे आहे. तूप वितळले तरी तूपच राहते. तपकिरी मेदाच्या पेशींत मायटोकाँड्रिया, म्हणजे ऊर्जा निर्माण करणारे पेशीतील सूक्ष्म घटक, दाटीने असतात, त्यांतील लोहामुळे त्या मेदाला हा रंग येतो, आणि यूसीपी-१ या प्रथिनामुळे तेथे इंधनातील ऊर्जा साठवली न जाता थेट उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. म्हणून ‘जाळतो’ हेच म्हणावे.

नावापुरते बोलायचे तर ‘चरबी’ हा फारसीतून आलेला शब्द असून मराठीत ती एखाद्याला ‘चढली’ की तो माजला असा अर्थ होतो. शरीराच्या कामाच्या ऊतीला हे नाव देणे अन्यायाचे आहे. ‘मेद’ मात्र ‘ञिमिदा स्नेहने’ या स्निग्ध होण्याच्या अर्थाच्या संस्कृत धातूपासून आला आहे, आणि ‘मित्र’ शब्दाच्या व्युत्पत्ती देताना प्राचीन व्युत्पत्तिकार यास्काने निरुक्त या आपल्या ग्रंथात ‘मेदयतेर्वा’ असाही पर्याय नोंदवला आहे, म्हणजे जो स्निग्ध करतो तो मित्र! आधुनिक भाषाशास्त्रज्ञ ‘मित्र’चा संबंध बांधण्याशी, कराराशी जोडतात. त्यांचे नियम काटेकोर असतील; परंतु ज्या भाषेत तेल आणि माया या दोहोंना ‘स्नेह’ म्हणतात, त्या भाषेच्या बाबतीत यास्काला इतक्या सहज बाजूला सारणे मला रूक्षपणाचे वाटते. याउलट, सुश्रुतसंहितेतील ‘सरक्त मेद’ (रक्तमिश्रित मेद) म्हणजेच तपकिरी मेद, असे सांगणाऱ्या उत्साही मंडळींनी मूळ श्लोक वाचावा: तेथे स्थूल अस्थींतील मज्जेनंतर इतर अस्थींतील पदार्थाचे वर्णन चालले आहे, मानेजवळ आढळणाऱ्या तपकिरी मेदाचे नव्हे.

आता कर्करोगाविषयी. जास्तीच्या मेदाचा 13 प्रकारच्या कर्करोगांशी संबंध असल्याचा पुरेसा पुरावा आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2016 मध्ये म्हटले; पण तो एकूण मेदाविषयीचा निष्कर्ष आहे. तपकिरी मेदाची गाठ कर्करोगाशी पडली ती तपासणीच्या खोलीत. पेट (पीईटी) स्कॅन या तपासणीत किरणोत्सारी ग्लुकोज शोषणाऱ्या जागा उजळतात, आणि थंडी वाजणाऱ्या रुग्णांच्या मानेत व गळपट्टीच्या हाडांवर तपकिरी मेदही उजळून अर्बुदाचा, म्हणजे कर्करोगाच्या गाठीचा, भास करून देत असे. प्रौढांतही तो सक्रिय असतो, हे 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधांनी पक्के झाले. पुढे 2022 मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी उंदरांना थंडीत ठेवले, तेव्हा या मेदाने ग्लुकोज ओढून घेतल्यामुळे अर्बुदांची वाढ मंदावल्याचे दिसले. त्यावरून माणसाचा कर्करोग ‘रोखला जातो’ असे लिहिणे हे मात्र व्याकरणशुद्ध असत्य होय.

शिवाय याच जाळण्याची दुसरी बाजूही आहे. प्रगत कर्करोगात काही वेळा पांढरा, म्हणजे ऊर्जा साठवणारा नेहमीचा मेद तपकिरी मेदासारखा वागू लागतो, आणि जेवण पोटात जात असतानाही शरीर खंगत जाते, असे उंदरांवरील प्रयोगांतून दिसले आहे. या अवस्थेला खरे तर ‘क्षय’ म्हणायला हवे होते; तो शब्द फुप्फुसाच्या रोगाने केव्हाच अडवून ठेवला आहे, म्हणून मी ‘कर्कक्षय’ सुचवतो. ‘वजन घटले’ हे शब्द तरी तेथे वापरू नयेत.