सल्ला देणाऱ्याचे वजन किती?

"प्रत्येक जण वेगळे सांगतो, मग विश्वास कोणावर ठेवायचा?" हा प्रश्न माझ्यासमोर वारंवार येतो. त्याचे उत्तर मला सर्वांत स्पष्टपणे सापडले ते ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचे विमान, उडवायला शिकणाऱ्या एका गृहस्थांच्या सोबतीने.

दोन आसनांच्या एएसके-२१ या ग्लायडरवर त्यांचे शिक्षण झाले होते आणि आता त्यांना एकआसनी स्टँडर्ड सिरस उडवायचे होते. अशा ग्लायडरमध्ये मागे प्रशिक्षक नसतो. पहिले उड्डाणच एकट्याने करावे लागते. शिवाय सिरसची आडवी शेपटी पूर्णच्या पूर्ण हलते, त्यामुळे नियंत्रणाचा दांडा किंचित हलवला तरी नाक झपकन वरखाली होते आणि नवखा माणूस ते सावरण्याच्या घाईत हेलकावे वाढवून बसतो. सल्ल्यांची त्यांची वही भरली होती, झोप मात्र उडाली होती.

"एक म्हणतात, हे ग्लायडर अगदी गरीब आहे. दुसरे म्हणतात, फार चंचल आहे. खोटे कोण बोलत आहे?"

"दोघांची वजने सारखी आहेत का?" मी विचारले.

ते गप्प झाले. हलका वैमानिक बसला की गुरुत्वमध्य मागे सरकतो आणि ग्लायडर अधिक चंचल होते, हे त्यांनीच मला आधीच्या भेटीत समजावले होते. दोन्ही सल्लागार प्रामाणिक होते. प्रत्येकाने स्वतःच्या शरीराचा अनुभव सांगितला होता. ग्लायडरमध्ये कधीही न बसलेल्या मला हा प्रश्न सुचला, याचे समाधान आजही वाटते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझी श्रद्धा आहे. सर्वांचे एकमत झालेच पाहिजे, हा हट्ट माणसाला सल्ल्यांपेक्षा जास्त छळतो, असे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. म्हणून मी त्या गृहस्थांना वहीतील प्रत्येक नावापुढे एकच गोष्ट लिहायला सांगितले: या व्यक्तीने तुम्हाला उडताना पाहिले आहे का?

पुढच्या भेटीत त्यांनी वही उघडली. अकरा नावांपुढे 'नाही' होते.

"आणि ज्यांनी पाहिले आहे, ते तुमचे प्रशिक्षक?"

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "त्यांना विचारलेच नाही. ते 'अजून नाही' म्हणतील."

ग्लायडर धोकादायक आहे का, हे ते अकरा जणांना विचारत होते. मी तयार आहे का, हे विचारायचे मात्र टाळत होते. ज्याला आपल्याला नकार देता येतो, त्याच्याच होकाराला वजन असते, हे त्या क्षणी मलाही नव्याने उमगले.

अशा प्रसंगी आकडे उड्डाण-पुस्तिकेतूनच घ्यावेत: स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंखांची उचल कोसळते), वजनाच्या मर्यादा, चाक आणि एअरब्रेक (उतरताना उंची घटवणाऱ्या पंखांवरील पट्ट्या) यांच्या सूचना. हाताळणीविषयी मात्र, ते ग्लायडर आणि तुमचा हात हे दोन्ही ओळखणाऱ्या प्रशिक्षकाचा शब्द धरावा. इतरांचे सल्ले फेकून देऊ नयेत, त्यांचे प्रश्न करून ते प्रशिक्षकापुढे ठेवावेत. या ग्लायडरवर तुमची किती उड्डाणे झाली, शेवटचे कधी झाले आणि तुमची स्वतःची चूक कोणती झाली, असे सल्लागाराला जरूर विचारावे. आपली चूक मोकळेपणाने सांगणाऱ्याकडे मी अधिक विश्वासाने पाहतो.

प्रशिक्षकांनी खरोखरच 'अजून नाही' म्हटले. आधी दोन आसनी ग्लायडरवर, शांत हवेत, वेग स्थिर राखण्याचा सराव करायला सांगितला आणि पॅराशूट बांधून वजन करून घ्यायला लावले. ते किमान मर्यादेपेक्षा कमी भरले. आसनाशी किती भार बांधावा लागेल, हे पुस्तिकेतून उतरवून घेतलेले पान त्यांनी मला दाखवले, तेव्हा अकरा नावांचे पान वहीत राहिले नव्हते.