लाल पेला आणि ‘भू’

“मॅडम, आम्ही घरात मराठी-गुजराती बंद केली आहे. चार महिने झाले,” नीरजनं बसल्या बसल्या सांगून टाकलं. शेजारी त्याची आई, सुमनताई, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. हेतल, म्हणजे सून, मांडीवरच्या विहानला बिस्किट भरवत होती. (नावं आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.)

नीरज बडोद्याचाच, दांडिया बाजारात वाढलेला. हेतल कारेलीबागची, गुजराती. दोघं टोरांटोजवळ ब्रॅम्प्टनला राहतात. सहा आठवड्यांच्या सुट्टीवर आले होते. विहान सव्वादोन वर्षांचा. तिथल्या पाळणाघरातल्या बाईंनी सांगितलं होतं, “मुलगा कमी बोलतो, तीन भाषांनी गोंधळलाय, घरी फक्त इंग्रजी बोला.”

मुलांच्या बोलण्याच्या अडचणी घेऊन आईवडील माझ्याकडे सल्ल्याला येतात. डिसेंबर-जानेवारीत परदेशातली मंडळी घरी आली की हा प्रश्न हमखास येतो. मूल कॅनडातलं असो, ऑस्ट्रेलियातलं असो, नाहीतर बंगळुरूचं. आईची भाषा एक, बाबांची दुसरी, शाळेची तिसरी. मग कुणीतरी म्हणतं, एक ठेवा, बाकीच्या सोडा. आणि सोडली जाते ती नेहमी आजीची भाषा.

हे लिहिताना मला एक कबूल केलं पाहिजे. वीस-बावीस वर्षांपूर्वी मीही एका कुटुंबाला हाच सल्ला दिला होता. तेव्हा तो सगळीकडेच दिला जायचा. त्या घरातली आई हिंदी-इंग्रजीत मुलाशी बोलायला लागली आणि हळूहळू बोलायचीच कमी झाली, कारण लाड करायला आणि रागवायला तिच्याजवळ शब्द मराठीच होते. ती चूक मला अजून सलते.

म्हणून विहानच्या बाबतीत आधी कान तपासायला पाठवलं. सर्दी वारंवार होणाऱ्या मुलांच्या कानात पडद्यामागे पाणी साठतं, ऐकू कमी येतं, आणि दोष मात्र भाषेवर जातो. तपासणीत कान व्यवस्थित निघाले. हाक मारली की विहान वळून बघत होता, हवी ती वस्तू बोटानं दाखवत होता, “बॉल आण” म्हटलं की आणत होता, तिन्ही भाषांत. हे सगळं मी आधी बघते. यातलं काही दिसलं नसतं, तर “दोन-तीन भाषा आहेत ना, बोलेल उशिरा” म्हणून मी एक दिवसही थांबले नसते. अनेक भाषांमुळे मूल बोलायचं राहत नाही. खरीच अडचण असली तर ती प्रत्येक भाषेत दिसते, आणि मग वाचा-उपचारतज्ज्ञाकडे लगेच जायला हवं.

दुसऱ्या भेटीत मी तिघांना कागद दिला आणि विहानचा प्रत्येक शब्द लिहायला सांगितलं, भाषा कुठलीही असो. अर्धवट उच्चारलेलाही चालेल, फक्त तो दर वेळी त्याच गोष्टीसाठी वापरत असला पाहिजे. नीरजनं पाळणाघराची नोंदवहीही फोनवर उघडली. तिच्यात एक ओळ होती: रंग ओळखत नाही, लाल पेल्याला ‘ब्लू’ म्हणतो.

सुमनताई ताडकन पुढे झाल्या. “अरे, ब्लू नाही रे, भू! पाणी मागतंय ते लेकरू!”

हेतलचा हात तोंडावर गेला. तिची आई मागच्या उन्हाळ्यात पाच महिने ब्रॅम्प्टनला राहून गेली होती, आणि गुजराती घरात तान्ह्या मुलांचं पाणी म्हणजे भू. आपल्या मराठीत भूभू म्हणजे कुत्रा. सुमनताई म्हणाल्या, “मीसुद्धा पहिल्या दिवशी त्याला समोरच्यांचा कुत्राच दाखवला. दुसऱ्या दिवशी कळलं.” पाळणाघरात ते पोर रोज लाल पेला दाखवून पाणी मागत होतं आणि रोज त्याला रंग शिकवले जात होते. हेतल रडायला लागली. मी तिला थांबवलं नाही.

मग यादी पुरी केली. इंग्रजी 19, गुजराती 21, मराठी 17. बहुभाषिक मुलाचे शब्द असे सगळ्या भाषांतले मिळून मोजायचे असतात. पाळणाघराला फक्त 19 दिसत होते. दोन वर्षांच्या आसपास पन्नासेक शब्द आणि दोन शब्द जोडून बोलणं, एवढं आम्ही साधारण बघतो. विहान “पप्पा गाडी” म्हणत होता, “मोअर केळं” म्हणत होता. “हे बघा, भेसळ करतो,” नीरज म्हणाला. मी म्हटलं, ही भेसळ नव्हे, दोन शब्दांचं वाक्य आहे. ज्या भाषेतला शब्द हाताशी आला तो त्यानं घेतला. तुझ्या आई भाजीवाल्याशी बोलून घरात आल्या की वाक्याच्या शेवटी गुजराती “ने” लावतात, त्यांना कुणी गोंधळलेल्या म्हणतं का?

नीरजची खरी भीती मात्र वेगळी होती. “तिथे इतक्या देशांची मुलं आहेत. इंग्रजी कच्चं राहिलं तर हा मागे पडेल.”

ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. पण त्याच देशाचे आकडे मी त्याच्यासमोर ठेवले. कॅनडाच्या 2021 च्या जनगणनेत 83 लाखांहून अधिक लोक, म्हणजे 23 टक्के, स्थलांतरित होते. याआधीचा उच्चांक 1921 मधला, 22.3 टक्क्यांचा. दर चार माणसांत एकाची निदान एक मातृभाषा इंग्रजी-फ्रेंचखेरीज वेगळी होती. घरात मुख्यतः पंजाबी, गुजराती, हिंदी, मल्याळम बोलणारे 2016 नंतर भराभर वाढलेत. म्हणजे विहानच्या वर्गात घरची भाषा वेगळी असणं काही नवलाचं नाही. पण त्याच जनगणनेत घरात मुख्यतः अशी दुसरी भाषा बोलणारे आठांत एकच. मातृभाषा चौघांत एकाची आणि घरातली आठांत एकाची, या मधल्या फटीत किती आज्या बसल्या असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

शिवाय इंग्रजी विहानला आठवड्याचे पाच दिवस पाळणाघरात मिळतेच आहे, पुढे शाळेत मिळणार आहे. ती देणारे तिथे हजार आहेत. मराठी देणारी माणसं मोजून दोन. दोन भाषांनी बुद्धी मंद होते ही समजूत जुनी आहे. कॅनडातच, मॉंट्रियलमध्ये, एलिझाबेथ पील आणि वॉलेस लॅम्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी 1962 मध्ये दहा वर्षांच्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्रजी-फ्रेंच दोन्ही येणारी मुलं त्यात मागे तर नव्हतीच, उलट बऱ्याच चाचण्यांत पुढे होती. मला त्यातून एवढंच घ्यायचं आहे की भाषा काढून घेतल्यानं मूल हुशार होत नाही.

सुमनताईंशी मी एकटीनं बोलले. त्या आधी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “ताई, मला इंग्रजी कळतं, टीव्हीपुरतं. पण नातवाला जवळ घेऊन काय बोलू इंग्रजीत? मी नुसती त्याच्याकडे बघत बसते.” गायकवाडांच्या मागोमाग आलेल्या मराठी घरांपैकी एक घर त्यांचं. पिढ्यान्‌पिढ्या बाजारात गुजराती बोलून चुलीपाशी मराठी राखलेलं. ती आपल्या हातून सुटतेय असं त्यांना वाटत होतं, आणि मुलाला दुखवायला नको म्हणून त्या बोलत नव्हत्या. मी त्यांच्या परवानगीनं हे नीरजला सांगितलं. तो खाली बघत राहिला.

ठरलं ते असं. नीरज विहानशी मराठीत बोलेल, हेतल गुजरातीत. एकमेकांशी जे बोलतात ते बोलावं, फार काटेकोर राहू नये. विहान इंग्रजीत उत्तर देईल तेव्हा “मराठीत बोल” असं दटावायचं नाही, तेच मराठीत म्हणून पुढे जायचं. पाळणाघराला घरगुती शब्दांची यादी द्यायची, उच्चार आणि अर्थासकट. हेतलनं ती तिथेच बसून केली, आणि सगळ्यात वर लिहिलं: भू, पाणी.

आजीशी फोन विहानच्या न्याहारीच्या वेळी. तिथले सकाळचे सात म्हणजे इथले संध्याकाळचे साडेपाच. मार्चमध्ये तिकडची घड्याळं तासभर पुढे सरकतात, मग साडेचार. सुमनताईंनी दोन्ही वेळा भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवल्या, आणि त्या वेळेचं भजनी मंडळ त्यांनी सोडलं.